सुट्या भागांचे भाडे कसे ठरते?

धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्यांनी रोलर किंवा इंपेलर (पंपातील फिरते चक्र) असे सुटे भाग ड्रॉइंगबरहुकूम कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्रातून करून घेताना वाहतुकीचा भार पुढील बाबींवर ठरतो.

दराची अट : ‘एक्स-वर्क्स’ दरात पुरवठादाराच्या दारापासूनचे भाडे खरेदीदारावर पडते, तर मुक्कामपोच दरात ते आधीच धरलेले असते, म्हणून कोटेशनांची तुलना पोच किमतीवरच करणे इष्ट ठरते.

आकारमानी वजन : हवाई मालवाहतुकीत घनसेंटिमीटरांना सामान्यतः ६००० ने भागून येणारे वजन प्रत्यक्षाहून जास्त भरल्यास भाडे त्यावर लागते; ६०×५०×४० सेंमीच्या खोक्यातील १२ किलोचा भाग २० किलोचा गणला जातो.

वेळ : ऑफ सीझनच्या देखभालीतच मागण्या एकत्र करून ट्रक पूर्ण भरल्यास, ऐन गाळपात करावी लागणारी तातडीची स्वतंत्र गाडी बहुतांशी टळते.