नखांची तपासणी व नखांची निगा

प्रार्थनेनंतरच्या स्वच्छता-तपासणीत नखे वाढली आहेत काय व त्यांत मळ आहे काय, एवढेच बहुधा पाहिले जाते. ज्याच्या नखांचे पापुद्रे सुटले आहेत व बोटांच्या कडेची साल निघाली आहे, असा विद्यार्थी मात्र अस्वच्छ ठरून रांगेबाहेर उभा राहतो. हा त्याच्यावर अन्याय होय. कारण असे हात पुष्कळदा इतरांपेक्षा अधिक वेळा पाण्यात गेलेले असतात.

नख हे केराटिन नावाच्या द्रव्याच्या पातळ थरांचे बनलेले असते. पाण्याने ते फुगते व वाळले म्हणजे आकसते. दिवसातून अनेकदा असे घडले की थर सैल होतात आणि टोकाशी अभ्रकासारखे पापुद्रे निघतात. नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा पाण्याला व जंतूंना आत शिरू देत नाही. साबण व राख यांनी तिची स्निग्धता गेली म्हणजे ती तडकते.

शहागडसारख्या गोदाकाठच्या गावी दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. सुट्टीच्या दिवशी मुली आईबरोबर शेतात जातात. वाळलेल्या बोंडांची टोके नखांच्या कडेस टोचतात. सायंकाळी त्याच हातांनी भांडी घासावी लागतात. त्यात पौषातील कोरडा वारा. अशा हातांना टोमण्याचा काय उपयोग? खडूच्या भुकटीने गुरुजींची बोटेही काही निराळी राहत नाहीत.

उपाय घरातलाच आहे. रात्री निजताना हात धुऊन टिपावेत व ते किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा करडईचे तेल नखांच्या मुळाशी चोळावे. सुटलेली साल दाताने ओढू नये. तेवढीच अलगद कापावी, मुळाची त्वचा मात्र कापू नये. एकच नेलकटर वर्गभर फिरविणे सोयीचे खरे, पण चांगले नव्हे. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणून ते पूर्ण नवे येण्यास सहा महिने लागतात. आठवडाभरात गुण नाही म्हणून तेल सोडू नये.

नखे मध्यभागी खोलगट, चमच्यासारखी झाली असतील व मूल फिकट, थकलेले दिसत असेल, तर रक्तातील लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी. तेथे तेल पुरे पडत नाही. अशा मुलाने शाळेतील लोहाची साप्ताहिक गोळी व जंतनाशक गोळी खरोखर घेतली काय, हे शिक्षकांनी पाहावे व पालकांना भेटून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयास सांगावे. नखाजवळ सूज, ठणका व पू, म्हणजे नखुरडे, झाल्यासही तेथेच पाठवावे. घरी सुई टोचू नये.

नखांवरील पांढऱ्या ठिपक्यांनी मात्र घाबरण्याचे कारण नाही. ते चुन्याच्या अभावाने येतात असा समज आहे. बहुधा ते किरकोळ मार लागल्याने उमटतात आणि नख वाढेल तसे पुढे सरकून कापले जातात.