दवाखान्यात जोडीदाराच्या हिंसेची विचारपूस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पती किंवा साथीदाराकडून होणारी मारहाण, लैंगिक बळजबरी, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांना एकत्रितपणे जोडीदाराची हिंसा म्हटले जाते. तिचा स्त्रीच्या प्रकृतीशी थेट संबंध असूनही केसपेपरवर तिची नोंद क्वचितच होते.

गैरसमज १: हा घरगुती प्रश्न आहे, वैद्यकीय नव्हे.
वस्तुस्थिती: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. ओटीपोटाचे जुनाट दुखणे, नको असलेली गर्भधारणा, लैंगिक संसर्ग आणि नैराश्य यांमागे ही हिंसा असू शकते, म्हणून तिची चौकशी न करता केलेला उपचार अपुरा राहतो.

गैरसमज २: त्रास असेल तर स्त्री आपणहून सांगेल.
वस्तुस्थिती: याच सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्या तीनचतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी कोणाची मदत घेतली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. नवरा किंवा सासू शेजारी असताना विचारणे निरुपयोगी आणि धोक्याचेही ठरते, त्यामुळे तपासणीच्या निमित्ताने तिला एकटीला आत घेणे ही पहिली अट होय.

गैरसमज ३: सर्वांकडून प्रश्नावली भरून घेतली की काम झाले.
वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सरसकट चाळणीची शिफारस न करता, हिंसेशी संबंधित लक्षणे आढळल्यास विचारपूस करावी असे सुचवले, तिच्या मते प्रशिक्षित कर्मचारी, एकांत, गोपनीयता आणि पुढील मदतीची सोय या किमान अटी आहेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रात समुपदेशन रुग्णालयातच मिळते, त्यामुळे विचारपूस आणि मदत यांत अंतर पडत नाही.

गैरसमज ४: विचारले की डॉक्टर कोर्टकचेरीत अडकतात.
वस्तुस्थिती: कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या (२००५) सातव्या कलमानुसार पीडितेने किंवा तिच्या वतीने विनंती झाल्यास वैद्यकीय मदत देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, विचारपूस करणे म्हणजे पोलिसांत तक्रार करणे नव्हे. बलात्कार आणि अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचार यांत मात्र पोलिसांना कळवावे लागते, म्हणून गोपनीयतेची मर्यादा प्रश्नापूर्वीच स्पष्ट करावी.

समुपदेशक नसलेल्या दवाखान्यानेही संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांची माहिती सज्ज ठेवावी. ती हाती नसताना प्रश्नांची यादी वाढवणे म्हणजे सुधारणा नव्हे.