इंजिनाचा श्वास

माणसाचे बळ जसे अन्नाइतकेच श्वासावर अवलंबून असते, तसेच इंजिनाचेही आहे. पेट्रोल कितीही पुरविले, तरी ते जाळावयास पुरेशी हवा आत शिरली नाही तर ते व्यर्थ जाते. शर्यतीच्या जुन्या मोटारसायकली जतन करणाऱ्यांस हे ठाऊक असते. परंतु हवेची वाट रुंद करण्याच्या उतावळेपणाने त्यांतील काहीजण, जे आता सहजासहजी मिळावयाचे नाही, ते मूळचे सिलिंडर हेडच गमावून बसतात.

लंडनच्या प्लमस्टेड भागात तयार झालेल्या ‘एजेएस ७आर’ ह्या गाडीचा इतिहास ह्या बाबतीत बोधप्रद आहे. १९४८ साली ती आली, तेव्हा ३५० घन सेंटिमीटर वर्गातील तिचे एकच सिलिंडर सुमारे ३२ अश्वशक्ती देत असे. १९५४ नंतर जॅक विल्यम्स ह्यांनी तिच्या सुधारणेचे काम हाती घेतले आणि १९६२ पर्यंत ती शक्ती ४१ च्या आसपास नेली. सिलिंडरची मापे बदलली, मिश्रण अधिक दाबले गेले. तथापि ह्या यशात हवेच्या प्रवाहाच्या चिकाटीच्या अभ्यासाचा वाटा मोठा होता.

थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला ७,८०० फेरे होत असता हे इंजिन सेकंदाला ६५ वेळा श्वास घेते. झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, दर वेळी सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळ उघडी राहते. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरावयाचे, तर तेवढ्यात सेकंदाला २२ लिटरांहून अधिक हवा आत गेली पाहिजे.

मग वाट रुंद केली की झाले, असे कोणासही वाटेल. येथेच चूक होते. हवेला वजन आहे आणि वेगही आहे. वाट अरुंद असली तर ती कोंडते. अवास्तव रुंद केली तर तिचा वेग मंदावतो, आणि पिस्टन वर येऊ लागल्यावरही आत रेटत राहण्याचा तिचा जोर नाहीसा होतो. त्यातही झडपेपाशी वाट वळते, तेथील आतला आखूड बाक फार नाजूक. तो कोरून टोकदार झाला की हवा भिंत सोडते, भोवरे उठतात आणि मोठे भोक लहानाइतकेही काम करीत नाही.

म्हणून जाणता कारागीर प्रथम मोजतो. हेड ‘फ्लो बेंच’वर ठेवून, ठराविक दाबाने हवा ओढून, झडप एकेक मिलिमीटर उचलीत प्रवाहाची नोंद करतो. मग कोरण्याऐवजी मऊ मेणमाती लावून वाटेचा आकार बदलून पाहतो. माती काढता येते. कापलेला धातू परत बसविणे मात्र जिकिरीचे असते. झडपेच्या बैठकीचा ४५ अंशांचा काठ वरखाली निराळ्या कोनांनी सौम्य करणे, गाइडचा पुढे आलेला भाग आटोपशीर करणे, कार्बोरेटरच्या जोडावरील पायरी घालविणे, ह्या किरकोळ दिसणाऱ्या कामांनीच पुष्कळदा खरा लाभ होतो. आरशासारखी चकाकी डोळ्यांस सुखावते. हवेला तिची विशेष गरज नसते.

एक इशारा मात्र विसरू नये. १९६१ साली मॅन बेटावरील ज्युनियर टीटी शर्यतीत माइक हेलवुड ह्याच ७आरवर आघाडीवर होते. शेवटच्या फेरीत पिस्टनची पिन तुटली, आणि हातातोंडाशी आलेला विजय गेला. इंजिन हे एक कुटुंब आहे. त्यातील एकाचे बळ वाढविताना इतरांस किती भार सोसवेल, हेही पाहावे लागते.

तेव्हा ज्यांच्या घरी असे जुने इंजिन आहे, त्यांनी हाती यंत्र घेण्यापूर्वी मोजपट्टी घ्यावी. जे आधी मोजले, तेच पुढे निःशंकपणे कापता येते.