आधी मॉनिटर, मग मशिन

डिझाइनचं काम करणाऱ्या माणसाचा संगणक हळू चालायला लागला की दुकानदार, भाचे, मित्र सगळे एकच सुचवतात : ग्राफिक्स कार्ड टाका. नावातच ग्राफिक्स असल्यामुळे ते पटतंही. माझ्या आत्येबहिणीलाही हेच सांगितलं गेलं होतं. ती डोंबिवलीत घरूनच लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, दुकानांचे फ्लेक्स आणि दिवाळी अंकांच्या जाहिराती करते. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ ही तिची रोजची हत्यारं. नव्या मशिनसाठी तिने पाऊण लाख रुपये बाजूला ठेवले होते आणि त्यातच मॉनिटर, यूपीएस, विंडोजचं लायसन्स असं सगळं बसवायचं होतं. ती म्हणाली, "तू मला फक्त काय घ्यायचं ते लिहून दे." मी म्हणालो, "ताई, आधी तुझं काम बघतो, मग लिहितो."

तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांपैकी कशावर किती भार आहे ते सतत दिसत राहतं. तिला म्हटलं, तू नेहमीसारखं काम कर. तिने एका पुस्तकाचं मुखपृष्ठ उघडलं. मेमरी जवळजवळ भरली, डिस्क शंभर टक्क्यांवर जाऊन तिथेच थांबली आणि प्रोसेसर मात्र निम्म्याहूनही कमी कामात होता. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीवरच्या बाणातून 'एफिशियन्सी' निवडली की तिथे एक टक्केवारी दिसते. ती शंभरच्या खाली आली, की मेमरी अपुरी पडल्यामुळे फोटोशॉप आपला पसारा डिस्कवर मांडतो आहे असं समजायचं. ताईचा आकडा भराभर खाली येत होता. तिची डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची. सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचणारी. साधी साटा एसएसडीसुद्धा साडेपाचशेच्या घरात जाते आणि विखुरलेला डेटा वाचताना हा फरक आणखी कितीतरी वाढतो. म्हणजे ताईची वाट पाहण्याची वेळ मेमरीत आणि डिस्कमध्ये जात होती. ग्राफिक्स कार्डाचा तिथे काही संबंधच नव्हता.

मेमरी किती हवी हे अंदाजाने ठरवायची गरज नसते, गणित मांडता येतं. ए3 आकाराचं पान 300 डीपीआयला 3508 बाय 4961 पिक्सेलचं होतं, म्हणजे सुमारे 1 कोटी 74 लाख पिक्सेल. छपाईच्या सीएमवायके रंगांत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. पानभर पसरलेला एक लेयर म्हणजे साधारण 70 एमबी. असे 25 लेयर झाले की पावणेदोन जीबी, त्यावर अन्डूसाठी जपून ठेवलेल्या मागच्या पायऱ्या, शेजारी उघडं असलेलं कोरल, ब्राउझर आणि ग्राहकांचं व्हॉट्सॲप. आठ जीबीत हे मावत नाही. सोळात मावतं, पण दोन मोठ्या फाइली एकदम उघडल्या की पुन्हा ओढाताण होते.

याच गणिताने आणखी एक गोष्ट उघड होते. 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयला केला तर एक पूर्ण लेयर 600 एमबीच्या आसपास बसतो. तोच 300 डीपीआयला केला तर दहा जीबीच्या वर जातो. रस्त्यापलीकडून पाहायच्या फ्लेक्सला 300 डीपीआय लागत नाही. फ्लेक्स छापणारे स्वतःच कमी रिझोल्यूशनची फाइल मागतात. तरी सवयीने सगळं काम 300 लाच करणारे अनेक डिझायनर मी पाहिले आहेत. त्यांना कुठलंही मशिन हळूच वाटणार. नवा संगणक घेण्याआधी आपल्या फाइली एकदा या नजरेने तपासाव्यात. काही जणांचे पैसे इथेच वाचतील.

मग जुन्याच मशिनमध्ये एसएसडी आणि रॅम टाकून का भागवू नये? हा प्रश्न ताईने विचारला आणि तो रास्त होता. दोन वर्षांपूर्वी मी तेच सुचवलं असतं. पण तिचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीतला. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 पर्यंतच आधार दिला आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. ग्राहकांच्या फाइली आणि बँकेचे व्यवहार ज्या मशिनवर होतात, ते सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालवणं मला मान्य नाही.

मॅक मिनीचाही विचार केला. एम4 चिपचा मॅक मिनी 2024 च्या अखेरीस आला तेव्हा भारतात त्याची किंमत 59,900 रुपयांपासून सुरू झाली, 16 जीबी मेमरीसह. ज्याचं सगळं काम ॲडोबीत आहे त्याने तो जरूर पाहावा. फक्त 256 जीबीची साठवण लवकर भरते, मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे घ्यावे लागतात, हे आधी हिशेबात धरावं. ताईच्या बाबतीत अडचण मराठीची होती. तिचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं, डोंगल लावल्यावर चालणारं, आणि वर्षानुवर्षांच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. जुन्या ग्राहकाची पत्रिका उघडावी आणि मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं दिसावीत, हे तिला परवडणारं नाही. मराठी डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाने नवं मशिन ठरवण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून डोंगलचा ड्रायव्हर विंडोज 11 वर चालतो का हे विचारून घ्यावं. हा प्रश्न दुकानात कोणी काढत नाही.

हे ठरल्यावर खरेदीसाठी आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. स्टेशनपासून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण संगणकाच्या या बाजाराला सगळे जुन्याच नावाने ओळखतात. पहिल्या दुकानात 'डिझायनिंग' म्हणताच कोटेशन तयार झालं : आय5-12400एफ प्रोसेसर, 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, 8 जीबी रॅम, 22 इंची मॉनिटर आणि कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. "मॅडम, डिझायनिंग के लिए कार्ड तो लगेगाही." दुसऱ्या दुकानात याहून स्वस्तात 'आय7' मिळत होतं. विचारल्यावर कळलं की ते तिसऱ्या पिढीचं, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं. आय5, आय7 या शब्दांवर भुलू नका. पुढचा आकडा बघा. 12400 मधला 12 ही पिढी आणि तो सहा कोअरचा प्रोसेसर त्या जुन्या आय7 ला सहज मागे टाकतो. शेवटी एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एफ नसलेला 12400 घेतला की मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लागते.

मुखपृष्ठं, पत्रिका, फ्लेक्स यांसाठी प्रोसेसरमधलं हे ग्राफिक्स पुरतं. फोटोशॉप झूम करताना, कॅनव्हास सरकवताना आणि काही फिल्टरांना त्याचा उपयोग करतो, तेवढं काम ते करतं. कोरलला आणि इलस्ट्रेटरला एकेका कोअरचा वेग जास्त लागतो. कोणाचं काम व्हिडिओचं, ब्लेंडरमधल्या थ्रीडीचं किंवा शेकडो फोटोंचा नॉइज एआयने काढायचं असेल तर मात्र माझा सल्ला उलट असेल : कार्ड आधी घ्या. ताईचं काम तसं नाही.

कार्डाचे पैसे वाचले ते रॅमकडे वळवले. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे जाऊ लागला. दुकानदार सांगत होता, आजचा भाव आजचाच. तरीही 32 जीबीवर ठाम राहिलो, 16 च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या असल्या की मेमरी दोन वाटांनी चालते आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच मेमरीतून वाटा घेत असल्यामुळे त्याला ते फार उपयोगी पडतं. मदरबोर्ड चार स्लॉटचा निवडला. स्वस्त बोर्डांना दोनच स्लॉट असतात, मग पुढे मेमरी वाढवायची तर आहे ती काढून टाकावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ मॉनिटरला दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. ताईची जुनी तक्रार अशी की पत्रिकेचा मरून रंग छापून काळपट येतो आणि प्रेसवाले म्हणतात फाइलमध्येच तसा आहे. प्रेसवाले खरं सांगत होते. तिचा जुना मॉनिटर टीएन पॅनेलचा. त्यात मान जरा खालीवर केली तरी रंग बदलतो, त्यामुळे एकाच पत्रिकेचा वरचा मरून आणि खालचा मरून वेगळा दिसायचा. त्यावर ब्राइटनेस पूर्ण चढवलेला. इतक्या उजेडात पाहिलेला रंग कागदावर गडद वाटणारच.

दुकानांत मॉनिटरवर समुद्रातले मासे आणि फुलांचे व्हिडिओ चालू असतात. त्यावरून काहीही कळत नाही. आम्ही पेन ड्राइव्हमध्ये तीन फाइली नेल्या होत्या : काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांची पट्टी, नवरानवरीचा एक फोटो आणि तीच मरून पत्रिका. छापलेली पत्रिका ताईच्या पर्समध्ये होती. प्रत्येक मॉनिटरचा ब्राइटनेस आम्ही आधी उतरवला. पांढरं पान पडद्यावर उघडायचं, शेजारी कोरा कागद धरायचा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत खाली यायचं. मग पट्टी. चांगल्या पॅनेलवर अगदी गडद छटाही एकमेकींपासून सुट्या दिसतात आणि करड्यात गुलाबी किंवा हिरवी झाक येत नाही. मग बाजूला सरकून, वाकून त्वचेचा रंग पाहायचा. एका मॉनिटरवर नवरी पिवळी पडली. दुसऱ्यावर समोरून सगळं ठीक होतं, पण कडेने पाहिलं की काळा रंग राखाडी व्हायचा. तिसरा 24 इंची, आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी या प्रमाणित रंगपटाचे 99 टक्के रंग दाखवणारा. त्याच्यासमोर ताईने छापील पत्रिका धरली आणि म्हणाली, "अरे, हा तर तोच रंग आहे."

खोक्यावरचे आकडे वाचायला शिकायला हवं. '16.7 दशलक्ष रंग' असं जवळपास प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याने निवड होत नाही. एसआरजीबी किती टक्के, ते बघा. काही ठिकाणी तो आकडा एनटीएससी या दुसऱ्या मापात देतात. 72 टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, आणि 45 टक्के म्हणजे त्याचा साठ-पासष्ट टक्केच भाग. छपाईची कामं जास्त असतील तर तिघीचौघींनी मिळून एक कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवणारं उपकरण, घ्यावा. महिन्यातून एकदा लावला तरी पुरतो. ताईचा जुना मॉनिटर आम्ही टाकला नाही. नव्या बोर्डाला व्हीजीएचं तोंड आहे ना, हे पाहून घेतलं. आता फोटोशॉपची पॅनेलं आणि ग्राहकांचे मेसेज त्या जुन्या पडद्यावर असतात, आणि रंगाचा निर्णय फक्त नव्यावर होतो.

जोडणीच्या वेळी समोर उभं राहावं. आमचं मशिन जोडणारे काका मराठी होते, हात सफाईचा. प्रोसेसर बसवून त्यांनी पेस्टचा छोटा थेंब दिला आणि रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन पट्ट्यांची जागा बहुधा हीच असते, शेजारी शेजारी लावल्या तर दोन वाटा मिळत नाहीत. कॅबिनेटबरोबरचा एसएमपीएस त्यांनी स्वतःच नको म्हटलं. "वीज वरखाली झाली की हा आधी जातो, आणि जाताना बोर्ड घेऊन जातो." 80 प्लस शिक्क्याचा वेगळा घेतला. सुरू झाल्यावर बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा आणि दोन्ही वाटा चालू आहेत का ते पाहिलं. दुकानाने कच्च्या बिलावर थोडे पैसे कमी करायची तयारी दाखवली, पण आम्ही जीएसटीचं पक्कं बिल घेतलं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घेतला. वॉरंटी त्या कागदावर उभी असते.

घरी तेच मुखपृष्ठ उघडलं. एफिशियन्सी शंभरवर राहिली. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट मोकळा आहे. उद्या तिने व्हिडिओची कामं घेतली तर कार्ड तेव्हा येईल, आणि एसएमपीएस त्या हिशेबानेच घेतला आहे.

डिझाइनचे क्लास चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्याकडची मुलं कोर्स संपताच हप्त्यांवर गेमिंग लॅपटॉप घेतात. त्यात कार्ड भारी असतं आणि स्वस्तातल्या अनेक मॉडेलांचा स्क्रीन 45 टक्के एनटीएससीचा असतो. जे काम त्यांना करायचं आहे त्याचे रंगच त्यांना दिसत नाहीत. पेन टूल आणि लेयर शिकवता तसा एक तास टास्क मॅनेजर, एफिशियन्सीचा आकडा आणि मॉनिटरच्या खोक्यावरची टक्केवारी वाचायलाही शिकवा. मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे कष्टाचे पैसे त्या एका तासाने योग्य जागी लागतील.