संगणकाचे अद्ययावतीकरण अडते तेव्हा

कार्यप्रणालीची नवी आवृत्ती उतरवून घ्यावी, बसवावी आणि पुन्हा कामाला लागावे, एवढीच संगणक वापरणाऱ्याची अपेक्षा असते. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र कधी ना कधी निराळा अनुभव येतो. निम्मी पॅकेजेस नवी, निम्मी जुनी अशा अवस्थेत काम मध्येच थांबते आणि 'अवलंबित्वाची पूर्तता होत नाही' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर उमटतो. घाबरून सारी डिस्क पुसून टाकण्याचा मोह याच वेळी होतो. बहुतेकदा त्याची गरज नसते.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात मिळते. आपल्याला कोणती अन्य पॅकेजेस, किमान कोणत्या आवृत्तीची लागतात आणि कोणाशी आपले जमत नाही, याची नोंद प्रत्येक पॅकेजमध्ये असते. 'डीपीकेजी' हे साधन पॅकेज प्रत्यक्ष बसवते, तर 'ॲप्ट' हे साधन परस्परसंबंधांचे गणित सोडवते. एका पॅकेजला एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती हवी असेल आणि दुसरे जुनीवरच अडून बसले असेल, तर हे गणित सुटत नाही. बाहेरच्या भांडारातून घेतलेली पॅकेजेस, एकाच आवृत्तीवर रोखून धरलेली पॅकेजेस, भरलेली डिस्क किंवा मध्येच गेलेली वीज ही त्याची नेहमीची कारणे होत.

म्हणूनच पूर्वतयारी महत्त्वाची ठरते. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, बाहेरची भांडारे तात्पुरती बंद करावीत, रोखलेली पॅकेजेस तपासावीत आणि डिस्कवर पुरेशी जागा आहे ना, हे पाहावे. डेबियनच्या मार्गदर्शनानुसार अद्ययावतीकरण दोन टप्प्यांत करणे हिताचे असते. आधी नवे पॅकेज न आणता व जुने न काढता शक्य तेवढी सुधारणा करावी आणि मगच पूर्ण अद्ययावतीकरण हाती घ्यावे.

तरीही काम अडलेच तर संदेशातील पहिली चूक आधी वाचावी. पुढच्या अनेक चुका तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात. नंतर डीपीकेजीला 'कॉन्फिगर' व 'ए' हे पर्याय देऊन अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करून घ्यावीत. त्यानंतर ॲप्टच्या 'फिक्स ब्रोकन' या पर्यायाने तुटलेले दुवे जोडावेत. एवढ्यानेही भागले नाही, तर 'ॲप्ट-कॅश'च्या 'पॉलिसी' या आज्ञेने अडलेल्या पॅकेजची कोणती आवृत्ती कोणत्या भांडारातून आली, हे कळते. दोषी पॅकेज बाहेरचे निघाल्यास ते काढून टाकावे आणि काम पुढे न्यावे. त्याची नव्या प्रणालीसाठीची आवृत्ती नंतर बसवता येते. डीपीकेजीला अवलंबित्वाकडे दुर्लक्ष करण्याची सक्ती मात्र करू नये. त्याने चूक तेवढ्यापुरती झाकली जाते आणि पुढच्या खेपेस अधिक मोठी होऊन समोर येते.

ॲप्ट कोणती पॅकेजेस काढणार आहे, ही यादी न वाचता 'हो' म्हणणे सर्वांत धोक्याचे. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबकाराने पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर 'स्टीम' बसवताना नेमके हेच केले. अत्यावश्यक पॅकेजेस काढली जातील, हा इशारा पडद्यावर होता. पुढे जाण्यासाठी संपूर्ण वाक्य टंकित करण्याची अट होती. त्याने ते टंकित केले आणि संगणकाचा डेस्कटॉपच नाहीसा झाला. मूळ दोष पॅकेजांच्या न जुळणाऱ्या अवलंबित्वात होता. इशाऱ्याकडे झालेल्या दुर्लक्षाने त्याचे नुकसानीत रूपांतर झाले. या घटनेनंतर ॲप्टमध्येच बदल करण्यात आला. आता केवळ वाक्य टंकित करून अत्यावश्यक पॅकेजेस काढता येत नाहीत. त्यासाठी मूळ आज्ञेतच स्वतंत्र पर्याय द्यावा लागतो.

'अति घाई संकटात नेई' ही रस्त्यावरची पाटी संगणकालाही लागू पडते. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी अनपेक्षितपणे लांबलचक दिसली, तर 'नाही' म्हणावे आणि कारण शोधावे. तिथे थांबल्याने काहीच बिघडत नाही.