पासवर्ड बरोबर, तरी दार बंद!

पूर्वी कापडाच्या पेढीत चाव्यांचा जुडगा असे. तिजोरीची एक, गोदामाची दुसरी, दप्तराच्या कपाटाची तिसरी. संगणक आल्यावर चाव्या गेल्या व पासवर्ड आले. बिलाचा वेगळा, गोदामाच्या हिशेबाचा वेगळा, पगाराचा वेगळा, पत्रव्यवहाराचा आणखी वेगळा. शेवटी मुनीम ते सगळे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो आणि येणारा-जाणारा वाचतो. या त्रासावर उपाय म्हणून दहा-वीस संगणक असलेल्या पेढ्यांनी व कारखान्यांनी ‘सिंगल साइन-ऑन’ ही पद्धत घेतली आहे. माणसाने सकाळी एकदाच आपले नाव व पासवर्ड द्यायचा. पुढे दिवसभर बिल, गोदाम, हिशेब सगळीकडे त्याला मुभा.

यामागे एक सर्व्हर असतो व त्यात कामगारांच्या नावांची वही असते. तिला डिरेक्टरी म्हणतात. बहुतेक ठिकाणी ही वही मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ असते. हेच काम फुकट मिळणारा ‘सांबा’ही डिसेंबर २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून करू लागला आहे.

सोय मोठी आहे, पण दार एकच असल्याने ते अडले की सगळेच अडते. माल बांधून तयार, ट्रक दारात उभा, आणि बिलाच्या पडद्यावर येते, ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’. बिल नाही म्हणून ई-वे बिल नाही, आणि त्याशिवाय ट्रक हलवणे म्हणजे रस्त्यात माल अडकवून घेणे. अशा वेळी पेढीत हटकून दोन गोष्टी घडतात. एक, शेठ गुमास्त्यावर ओरडतात की तू पासवर्ड विसरलास, किंवा कुणाला तरी सांगितलास. दुसरी, संगणकवाला घाईघाईत सगळ्यांना एकच मोठ्या अधिकाराचे खाते देऊन मोकळा होतो. पहिल्याने निरपराध माणूस बदनाम होतो. दुसऱ्याने पेढीच्या वहीत कोणती नोंद कोणी केली हे पुढे कधीच कळत नाही, आणि तो ‘तात्पुरता’ बंदोबस्त वर्षानुवर्षे चालतो.

पडद्यावरच्या या वाक्याला साक्षीचे मोल नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. नाव चुकले, पासवर्ड चुकला, खाते बंद पडले की त्याची मुदत संपली, हे बाहेरच्याला कळू नये म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर मुद्दामच एक मोघम वाक्य दाखवते. खरे कारण सर्व्हरच्या नोंदवहीत असते. ती उघडून पाहण्यापूर्वी कुणालाही दोष देऊ नये.

परवाना कसा चालतो

ॲक्टिव्ह डिरेक्टरी ज्या पद्धतीवर चालते तिचे नाव ‘कर्बेरॉस’. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पात ती तयार झाली. ग्रीक पुराणकथेतील तीन तोंडांच्या पहारेकरी कुत्र्यावरून हे नाव ठेवले गेले. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून ती आपली मुख्य पद्धत केली.

आपल्या व्यापारी बांधवांना ही पद्धत जकात नाक्याच्या पावतीवरून लवकर समजेल. (मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर गेली, पण नाके अजून सर्वांच्या लक्षात आहेत.) नाक्यावर एकदा तपासणी झाली की हातात कागद मिळतो. पुढे कुणी अडवले तर गाठी सोडून दाखवायच्या नाहीत, कागद दाखवायचा. तसेच येथे सकाळी पासवर्डाची खात्री पटली की सर्व्हर एक मुख्य परवाना देतो. त्या परवान्याच्या जोरावर प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळा छोटा परवाना मिळतो. बिलाच्या सॉफ्टवेअरला तुमचा पासवर्ड कधी कळतच नाही, ते फक्त परवाना पाहते.

परवान्यावर वेळ घातलेली असते. ठरीव नियमाप्रमाणे तो दहा तास चालतो व सात दिवसांपर्यंत वाढवून मिळतो. विंडोजचा संगणक ही वाढ गुपचूप स्वतः करून घेतो. लिनक्सच्या संगणकावर मात्र तशी तजवीज केलेली नसेल तर परवाना संपला की संपला. सकाळी नऊला पेढी उघडते, संध्याकाळी सातनंतर बिल निघत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरळीत, अशी तक्रार असेल तर पासवर्ड बदलून काही होणार नाही. ‘के-लिस्ट’ हा हुकूम दिला की हाती असलेले परवाने व त्यांची मुदत पडद्यावर दिसते. ती वाचायला दोन मिनिटे लागतात.

काही सॉफ्टवेअर परवाना पाहत नाही. ते तुमचे नाव व पासवर्ड घेते आणि स्वतः डिरेक्टरीला विचारते की हा माणूस खरा का. आपल्या पेढीत कोणती पद्धत आहे हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्यावे, कारण दोहोंचे दुखणे वेगळे आहे.

कोणाला अडले, ते आधी विचारा

ताण्याचा एकच धागा तुटला तर कुणी सबंध माग सोडून बसत नाही. येथेही आधी एवढेच पाहावे, की किती जणांना अडले. एकाच माणसाला अडत असेल तर त्याने शेजारच्या संगणकावर प्रयत्न करावा. तेथेही अडले तर दुखणे त्याच्या खात्यात आहे. तेथे चालले तर दुखणे त्याच्या संगणकात आहे. सगळ्यांना एकाच सॉफ्टवेअरमध्ये अडत असेल तर ते सॉफ्टवेअर व सर्व्हर यांच्यातील नाते बिघडले आहे. सगळ्यांना सगळीकडेच अडले तरच मुख्य सर्व्हरकडे वळावे. एवढी छाननी कोणताही मुनीम करू शकतो. संगणकवाल्याला फोनवर हे सांगितले की त्याचे अर्धे काम झालेले असते.

संगणकात दुखणे असेल तर पहिला संशय घड्याळावर घ्यावा. कर्बेरॉसमध्ये संगणकाचे घड्याळ व सर्व्हरचे घड्याळ यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की परवाना नाकारला जातो. जुना परवाना चोरून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून हा नियम आहे. गोदामातल्या जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, वीज गेली की त्याची तारीख काही वर्षे मागे जाते. विंडोज काही वेळा हा फरक सावरून घेते, पण त्यावर विसंबू नये. आणखी एक फसवी गोष्ट अशी की घड्याळ बरोबर दिसते आणि तरी चूक असते. नवा संगणक बसवताना देश-वेळेचा विभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहतो, मग कुणीतरी काटे हाताने फिरवून भारतीय वेळ लावतो. पडद्यावर सकाळचे दहा वाजलेले दिसतात, पण सर्व्हर ग्रीनिचच्या हिशेबाने पाहतो आणि त्याला साडेबारा ते साडेतेरा तासांचा फरक दिसतो. काट्यांबरोबर विभागही पाहिला पाहिजे, तो भारताचा, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढचा असावा.

दुसरा संशय पत्त्यावर. संगणक डिरेक्टरी सर्व्हरला नावाने शोधतो, आणि कोणते नाव कोठे राहते हे सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती बहुधा त्याच सर्व्हरवर असते. इंटरनेटवाला येतो, नवा राउटर बसवतो, आणि सर्व संगणकांना आपल्या कंपनीचा किंवा गुगलचा डीएनएस देऊन जातो. इंटरनेट झकास चालते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण तुमच्या पेढीचा सर्व्हर कोठे आहे हे गुगलला कसे ठाऊक असणार? काहीजण पहिला पत्ता आपल्या सर्व्हरचा व दुसरा बाहेरचा ठेवतात. ते तर अधिक वाईट, कारण मग कधी चालते, कधी चालत नाही, आणि असे दुखणे पकडायला दिवस जातात. पेढीतल्या प्रत्येक संगणकाला फक्त आतलाच पत्ता द्यावा. बाहेरची चौकशी सर्व्हर स्वतः करतो.

तसेच सॉफ्टवेअर आकड्यांच्या पत्त्याने उघडू नये. परवाना नावाने दिलेला असतो. भिंतीवर एकशे ब्याण्णवने सुरू होणारा आकडा लिहून ठेवलेला असतो व त्यानेच सगळे उघडतात, मग पासवर्ड पुन्हा का विचारतो म्हणून कुरकुर करतात.

आकडे साक्ष देतात

आता खात्याकडे येऊ, कारण माणसाच्या अब्रूचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. सॉफ्टवेअर स्वतः डिरेक्टरीला विचारत असेल तर त्याच्या नोंदवहीत ४९ क्रमांकाची चूक व तिच्यापुढे ‘डेटा’ असे लिहून एक छोटा आकडा येतो. ५२ई म्हणजे पासवर्ड खरोखरच चुकला. ५२५ म्हणजे या नावाचा माणूस वहीत नाही. ५३२ म्हणजे पासवर्डाची मुदत संपली, ५३३ म्हणजे खाते बंद केलेले आहे, ७७३ म्हणजे पासवर्ड बदलल्याशिवाय प्रवेश नाही, ७७५ म्हणजे खात्याला कुलूप लागले. यातील ५३२ व ७७३ हे आकडे पासवर्ड बरोबर दिला असेल तरच येतात. म्हणजे तोच आकडा गुमास्त्याच्या बाजूने साक्ष देतो. नव्या मुलाच्या बाबतीत ७७३ वारंवार येतो. खाते उघडताना ‘पहिल्या वेळी पासवर्ड बदला’ अशी खूण केलेली असते, पण बिलाच्या पडद्यावर तो बदलायला जागाच नसते. मुलाने विंडोजमध्ये एकदा प्रवेश करून पासवर्ड बदलला की काम झाले.

५२५ या आकड्याचा आपल्या वाचकांशी खास संबंध आहे. मोहम्मद हे एकच नाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. कुणी पहिल्या अक्षरानंतर ओ लावतो, कुणी यू. शेवटी कुणी ए लावतो, कुणी ई. कुणी एक एम गाळतो, तर कुणी नुसते एम आणि डी लिहून थांबतो. शेख, कुरेशी, अन्सारी यांचीही तीच गत. डिरेक्टरीत एक तऱ्हा, बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी, ई-मेलमध्ये तिसरी. माणसाला तिन्ही सारखीच वाटतात, यंत्राला ते तीन वेगळे इसम आहेत. पेढीने आधार किंवा बँक खात्यावर असेल तीच तऱ्हा धरावी. नाहीतर कामगाराचा क्रमांकच प्रवेशाचे नाव करावे, ते सर्वात उत्तम.

७७५ बद्दलही थोडे सांगितले पाहिजे. माणूस पासवर्ड बदलतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खात्याला दर तासाला कुलूप लागते. शेठला वाटते हा मुद्दाम करतो. प्रत्यक्षात त्याच्या मोबाइलमध्ये, किंवा गोदामातल्या एखाद्या विसरलेल्या संगणकात जुना पासवर्ड साठवलेला असतो व ते यंत्र तोच पुन्हा पुन्हा देत राहते. विंडोज सर्व्हरच्या नोंदवहीत ४७४० क्रमांकाची नोंद शोधावी. खात्याला कुलूप कोणत्या संगणकावरून लागले त्याचे नाव तेथे असते. कर्बेरॉसच्या नापास तपासण्यांची नोंद चालू ठेवली असेल तर ४७७१ ही नोंदही कामी येते. तिच्यातील शून्य-एक्स-१८ म्हणजे पासवर्ड चुकला, शून्य-एक्स-२५ म्हणजे घड्याळ चुकले.

सगळ्यांना एकाच सॉफ्टवेअरमध्ये अडते तेव्हा बहुधा त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे खाते आजारी असते. डिरेक्टरीला विचारायला त्यालाही नाव-पासवर्ड लागतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ नियमानुसार पासवर्डाची मुदत ४२ दिवस असते. माणूस आपला बदलतो, सॉफ्टवेअरचा कोण बदलणार? आणि कुणी बदललाच तर लिनक्सवर त्याच्या चावीची फाइलही नव्याने करावी लागते, ते राहून जाते. एकच सेवा चुकून दोन खात्यांच्या नावे नोंदली गेली तरीही परवाना नाकारला जातो. ‘सेट-एस-पी-एन’ या हुकमाला एक्स हा पर्याय जोडला की अशा दुहेरी नोंदी दिसतात. सुरक्षित जोडणी ६३६ क्रमांकाच्या दारातून होत असेल तर सर्व्हरच्या प्रमाणपत्राची शेवटची तारीख पाहावी. ही प्रमाणपत्रे वर्षा-दोन वर्षांनी संपतात, आणि ती तारीख पेढीच्या कॅलेंडरवर कुणी लिहिलेली नसते.

कधी आपला काहीच दोष नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुधारणेमुळेच अनेक ठिकाणी कर्बेरॉसचे परवाने नाकारले जाऊ लागले व त्याच महिन्यात कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून काल काय बदलले, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

आमच्या धंद्यातल्या काहींची समजूत आहे की एवढ्या उपद्व्यापापेक्षा सर्व्हर पुसून नव्याने बसवणे बरे. तसे केले की नावांची वही, अधिकार, सर्व नाती नाहीशी होतात व प्रत्येक संगणक पुन्हा जोडावा लागतो. त्यापेक्षा दुसरा एक छोटा डिरेक्टरी सर्व्हर सोबत चालू ठेवावा, पहिला पडला तर दुसरा परवाने देत राहतो. वहीची नक्कल नियमाने काढावी. साधारणतः १८० दिवसांपेक्षा जुनी नक्कल ॲक्टिव्ह डिरेक्टरी परत बसवू देत नाही. शिवाय वही परत बसवण्यासाठी एक निराळाच पासवर्ड लागतो. तो सर्व्हर उभा करताना पहिल्या दिवशी ठरवलेला असतो आणि बसवणारा गेला की कुणालाच ठाऊक नसतो. तो त्याच दिवशी लिहून घ्यावा व बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा.