सात तिथे, सहा इथे: अर्धवट तपासण्यांचं बिल कसं बनतं?

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचं मेडिकल कोडिंग करते. आईला अजून वाटतं मी सॉफ्टवेअर बनवते. तसं नाही हो! डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक कामाला ठरलेला नंबर द्यायचा. तो नंबर बघून विमा कंपनी पैसे देते.

आज बोलूया गरोदरपणाच्या तपासण्यांबद्दल, कारण इथे मी एकदा चांगलीच आपटले आहे.

अमेरिकेत बाळंतपणाचं बिल बहुतेकदा थाळीसारखं असतं. कोड ५९४०० म्हणजे आधीच्या तपासण्या, नॉर्मल डिलिव्हरी आणि नंतरची तपासणी, सगळं एकत्र. सिझेरियन असेल तर ५९५१०. सोनोग्राफी आणि लॅबच्या टेस्ट मात्र वेगळ्या. तपासण्या साधारण १३ धरतात: २८ आठवड्यांपर्यंत महिन्यातून एकदा, ३६ पर्यंत दोन आठवड्यांनी, मग दर आठवड्याला.

पण बाईने मध्येच गाव बदललं तर? किंवा डॉक्टर तेच, पण विमा बदलला तर? मग थाळी मोडते. आता तपासण्या मोजायच्या:

१ ते ३ असतील, तर प्रत्येक भेटीला साध्या ओपीडी भेटीचा कोड.
४ ते ६ असतील, तर ५९४२५.
७ किंवा जास्त असतील, तर ५९४२६.

लक्षात ठेवा, ५९४२५ आणि ५९४२६ हे भेटीगणिक लावायचे नाहीत. सगळ्या भेटी मिळून एकदाच! आणि एकाच ग्रुपमधले दोन डॉक्टर असतील, तर त्यांच्या भेटी एकत्र मोजायच्या.

आता माझी चूक. एक पेशंट आमच्या दवाखान्यात ३२व्या आठवड्यात आली. आधीच्या ७ तपासण्या दुसऱ्या राज्यात झाल्या होत्या. आमच्याकडे ६ झाल्या, नॉर्मल डिलिव्हरी झाली, नंतरची तपासणीही झाली. मी सवयीने ५९४०० टाकला आणि पुढच्या फाईलकडे वळले.

क्लेम परत आला. का? पहिल्या दवाखान्याने त्यांचा ५९४२६ आधीच लावला होता. म्हणजे त्याच तपासण्यांचे पैसे आम्ही दुसऱ्यांदा मागत होतो! आमचं बरोबर बिल होतं ५९४२५, आणि सोबत ५९४१०, म्हणजे डिलिव्हरी आणि त्यानंतरची काळजी.

दुरुस्ती करून पाठवलं, पैसे आले. पण तोवर त्या बाईच्या घरी पूर्ण रकमेचं बिल जाऊन पोचलं होतं. तान्हं बाळ मांडीवर घेऊन ती दवाखान्याला फोन करत होती, आणि चूक माझ्या एका नंबरची होती. ते मला टीम लीडने सांगितलं, ओरडून नाही, शांतपणे. त्या सकाळी कॅबमध्ये मला झोप लागली नाही.

तेव्हापासून कोड लावण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. आपल्याकडची पहिली तपासणी कितव्या आठवड्यात झाली? मध्ये विमा बदलला का? आणि आपल्याकडच्या भेटी नेमक्या किती? पहिली भेटच २५-३०व्या आठवड्यातली दिसली, तर समजायचं, आधी कुणीतरी तपासलेलं असू शकतं.

तुमच्यापैकी जे कोडिंगची परीक्षा देतायत, त्यांनी नंबर पाठ करा, जरूर करा. पण आधी भेटी मोजा, बोटांवर मोजा हवं तर. मी आजही तशाच मोजते.

चला, भेटू पुढच्या भागात!